पाय जड की रस्ता आखूड?

प्रश्न

सप्रेम नमस्कार. तीन महिन्यांपूर्वी आम्ही जुनी पेट्रोल गाडी काढून नवी हायब्रिड, म्हणजे पेट्रोल इंजिन आणि बॅटरीवरची मोटर दोन्ही असलेली गाडी घेतली. प्लग लावून चार्ज करायची नव्हे, आपली आपण चार्ज होणारी. माहितीपत्रकात लिटरला २६ किलोमीटर लिहिलंय. २६ मिळणार नाहीत एवढं मलाही कळतं, पण २२-२३ तरी पडतील असं धरून चालले होते.

मी हिशेबाची माणूस आहे, त्यामुळे पहिल्या दिवसापासून पावत्या जपून ठेवल्यात. शोरूममधून आलेलं पेट्रोल सोडून देते. त्यानंतर चार वेळा टाकी फुल केली: ४१२ किमीला २३.१ लिटर, ३८८ ला २३.४, ६१० ला २५.३ आणि ३९५ ला २२.६. म्हणजे १७.८, १६.६, २४.१ आणि १७.५. गाडीचा मीटर मात्र या सगळ्याची सरासरी २०.३ दाखवतो.

गाडी बहुतेक मीच चालवते. सकाळी मुलीला शाळेत सोडायचं, चार किलोमीटर, आणि तसंच घरी परत. दुपारी आणायला पुन्हा चार आणि चार. दुपारी शाळा सुटेपर्यंत वीसेक मिनिटं एसी लावून गाडीतच थांबते. इंजिन बंद असतं, त्यामुळे त्यात पेट्रोल जात नसावं. संध्याकाळी कधी बाजार, कधी क्लास, तेही जवळच.

तिसऱ्या टाकीतला बराचसा प्रवास लांबचा होता आणि तो माझ्या नवऱ्याने गाडी चालवून केला. तेव्हापासून घरात एकच पालुपद चाललंय, तुझा पाय जड आहे. सर्व्हिसिंगला गेले तर तिथेही हसत सांगितलं, “मॅडम, चालवण्यावर असतं.” हायब्रिड शहरात जास्त अ‍ॅव्हरेज देते असं जो तो सांगतो. मग आमचीच उलटी कशी? दोष गाडीत आहे की माझ्यात?

— एक हिशेबी वाचक

उत्तर

दोष ना गाडीत, ना तुमच्या पायात. आणि हे मी तुमचं मन राखायला म्हणत नाही, तुमच्या पावत्याच तसं सांगताहेत.

आधी त्या पावत्यांबद्दल आभार. मला येणाऱ्या बहुतेक पत्रांत “गाडी अ‍ॅव्हरेज फारच कमी देते हो” एवढंच असतं. किती किलोमीटरला किती लिटर, विचारलं की पुढे चिडीचूप. तुमचे चारही आकडे मी एकत्र केले: १८०५ किलोमीटर, ९४.४ लिटर, म्हणजे १९.१. मीटरचे २०.३ सोडून द्या. मीटर पेट्रोल मोजत नाही, इंजेक्टर किती वेळ उघडा राहिला त्यावरून अंदाज बांधतो, आणि तो अंदाज बऱ्याच गाड्यांत थोडा स्वतःच्या कौतुकाचा असतो. माझ्याही गाडीचा मीटर पाच टक्क्यांची थाप मारतो. ती आता मला पाठ झाली आहे.

पावत्याही अगदी सोवळ्या नसतात. नोझल कट होण्याची जागा दर वेळी तीच नसते. गाडी जराशी कलती असली किंवा भरणाऱ्याने कट झाल्यावर आणखी दोनदा दाबलं, की अर्धा-एक लिटर इकडचा तिकडे. तेवीस लिटरमध्ये एक लिटर म्हणजे चार टक्के झाले. तेव्हा १७.८ आणि १६.६ यांतल्या फरकावर विचार करत बसू नका, तो पंपावरचाही असू शकतो. १७ आणि २४ मधला फरक मात्र खरा आहे.

आता २६ चं. निवृत्त होईपर्यंत माझी बरीच वर्षं असे आकडे काढण्याच्या चाचणीसाठी रोलरवर गाड्या चालवण्यात गेली. बंद खोली, चाकांखाली रोलर, समोर मोठा पंखा आणि पडद्यावर वेगाची एक रेघ. ड्रायव्हरने त्या रेघेवरून चालायचं, ताशी दोन किलोमीटरपेक्षा जास्त इकडेतिकडे व्हायचं नाही. सध्या युरोपात आणि आणखी बऱ्याच ठिकाणी जी डब्ल्यूएलटीपी चाचणी होते, ती तीस मिनिटांची आणि सव्वातेवीस किलोमीटरची असते, सरासरी वेग ताशी ४६.५. त्याआधी गाडी किमान सहा तास २३ अंशांच्या खोलीत नुसती उभी ठेवलेली असते. चाचणीत एसी बंद. कुणी हॉर्न मारत नाही, आडवं कुणी येत नाही, मागच्या सीटवर मूल नाही. आकडा खोटा नसतो, पण तो त्या खोलीतला असतो.

चाचणी बदलली की आकडा कसा बदलतो याचं एक उदाहरण आम्ही नव्या पोरांना नेहमी द्यायचो. अमेरिकेत २००८ च्या मॉडेलांपासून सरकारी हिशेबात जास्तीचा वेग, एसी आणि थंडी धरायला सुरुवात झाली. टोयोटा प्रियसचा शहरातला आकडा गॅलनला ६० मैलांवरून ४८ वर आला आणि महामार्गावरचा ५१ वरून ४५ वर. गाडी तीच होती, इंजिनाचा एक स्क्रूसुद्धा बदलला नव्हता.

मग रास्त अपेक्षा किती धरायची? युरोपीय आयोगाने २०२१ मध्ये नोंदल्या गेलेल्या गाड्यांच्या आतल्या मोजणीयंत्रांतली माहिती गोळा करून २०२४ मध्ये अहवाल दिला. साध्या पेट्रोल-डिझेल गाड्या रस्त्यावर माहितीपत्रकापेक्षा सरासरी वीसेक टक्के जास्त इंधन पितात असं त्यात निघालं. तुमच्या माहितीपत्रकातला आकडा त्याच पद्धतीचा असेल, तर २६ चे साधारण २१.७ होतात. म्हणजे २१-२२ मागणं वाजवी आहे, २३ जरा लोभाचं. तुम्हाला १९.१ मिळालेत. आता मधल्या अडीच किलोमीटरांचा चोर पकडायचा.

तो चोर म्हणजे गार इंजिन.

गाडी रात्रभर उभी राहिली की तेल घट्ट झालेलं असतं, पाणी गार असतं. त्याहून महत्त्वाचं म्हणजे धूर साफ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर गार असतो. तो अडीचशे-तीनशे अंशांच्या घरात पोचेपर्यंत धड काम करत नाही. त्यामुळे गाडीचा कॉम्प्युटर इंजिन चालूच ठेवतो, तुम्ही सिग्नलला उभ्या असलात तरी. बॅटरी भरलेली असो नसो, तो ऐकत नाही. हायब्रिडची सगळी कमाई इंजिन बंद ठेवता येण्यात आहे, आणि पहिली काही मिनिटं तिला तेच करता येत नाही.

यात किती पेट्रोल जातं? गाडीगणिक, हवेगणिक फरक पडतो, पण हिशेबापुरते दर वेळी १०० मिली जास्त जातात असं धरा. आणि गरम झाल्यावर तुमची गाडी लिटरला २५ देते असं धरा. साठ किलोमीटरच्या सलग प्रवासाला २४०० मिली लागतील, त्यात गरम होण्याचे १००, एकूण अडीच लिटर. अ‍ॅव्हरेज पडलं बरोबर २४. तुमच्या यजमानांनी २४.१ काढलं. त्यात त्यांच्या पायाची कर्तबगारी किती आणि रस्त्याच्या लांबीची किती, ते तुम्हीच बघा.

आता तुमचा दिवस घेऊ. सकाळी जाऊन-येऊन आठ किलोमीटर: ३२० अधिक १००, म्हणजे ४२० मिली. लिटरला १९. दुपारी गाडी पुन्हा बरीचशी गार झालेली असते, पुन्हा तेच ४२०. त्यात ती वीस मिनिटं मिळवा.

“इंजिन बंद असतं त्यामुळे पेट्रोल जात नसावं” हे वाक्य मी पत्रात लाल पेनाने अधोरेखित केलंय, रागावू नका. उन्हात उभ्या गाडीत एसीचा कॉम्प्रेसर दीड किलोवॉट घेतो असं धरलं, तर वीस मिनिटांत अर्धा युनिट वीज जाते. तुमच्या गाडीची अख्खी बॅटरी साधारण एक-दीड युनिटची असते आणि त्यातलाही मधला भागच वापरायला मिळतो. म्हणजे एक तर तिथेच इंजिन मधूनमधून चालू होऊन बॅटरी भरत असणार, किंवा ती उधारी घरी जाताना रस्त्यात फिटत असणार. तुमच्या गाडीला वीज मिळण्याचा मूळ मार्ग एकच आहे, पेट्रोल. एका लिटरमध्ये नऊएक युनिट ऊर्जा असते, पण इंजिन, जनरेटर, बॅटरी असा फेरा करून आली की हाती तीनच युनिट लागतात. तेव्हा अर्ध्या युनिटला १७० मिली गेले. तेवढ्यात गाडी चार किलोमीटर गेली असती. एका दिवशी शाळेच्या फाटकासमोर उभ्या उभ्या तुम्ही शाळेचं अंतर पुन्हा एकदा कापता म्हणा ना.

दुपारचे झाले ५९० मिली, लिटरला १३.६. दोन्ही मिळून १६ किलोमीटरला १०१० मिली, म्हणजे दिवसाचे १५.८. आणि तुमच्या शाळेवाल्या तीन टाक्यांची सरासरी किती आहे? ११९५ किलोमीटरला ६९.१ लिटर, १७.३. माझ्या ढोबळ हिशेबापेक्षा तुम्ही दीड किलोमीटर जास्तच काढताय. जड पायाच्या माणसाकडून हे होत नाही.

आता “हायब्रिड शहरात जास्त देते” या वाक्याकडे. ते खरं आहे, फक्त अर्धंच सांगितलं जातं. १४०० किलोची गाडी ताशी ६० च्या वेगात असली की तिच्या अंगात ०.०५४ युनिट ऊर्जा असते. साध्या गाडीत ब्रेक मारला की ती सगळी उष्णता होऊन हवेत जाते. हायब्रिडमध्ये मोटर उलटी जनरेटरसारखी चालते आणि त्यातली अर्धी बॅटरीत परत येते असं धरू. म्हणजे एका थांब्यामागे वाचलं साधारण नऊ मिली पेट्रोल, दोन छोटे चमचे. चिल्लर वाटते, पण शहरात असे थांबे पन्नास येतात आणि प्रत्येक थांब्यावर इंजिन बंद राहतं ते वेगळंच. म्हणून तासभर शहरात फिरणारी टॅक्सी हायब्रिड असली की मालक खूश असतो. तुमचं काय होतं? गरम होण्यात गेलेले १०० मिली भरून काढायला अकरा थांबे लागतात, आणि अकरावा थांबा यायच्या आत शाळा येते.

म्हणून शहर की महामार्ग हा प्रश्नच मी विचारत नाही. एकदा स्टार्ट केलेली गाडी किती किलोमीटर सलग चालते, ते सांगा.

हे मी स्वतःच्या गाडीवर करून पाहिलंय. चार-चार किलोमीटरची तीन कामं होती. एके दिवशी मुद्दाम दर तीन तासांनी एक केलं आणि दर वेळी ट्रिप मीटर शून्यावर आणला: १३.८, १५.१, १४.६. दुसऱ्या दिवशी त्याच तिन्ही ठिकाणी एकाच फेरीत गेलो: १९.७. ड्रायव्हर तोच, मीटरची थापही तीच. बायको म्हणाली, एवढ्या पेट्रोलात दोन दिवस उगाच हिंडलात. तिचंही बरोबरच होतं.

(हिशेबी माणसाला एक सूचना करून ठेवतो. अ‍ॅव्हरेजांचं अ‍ॅव्हरेज काढू नका. शंभर किलोमीटर १० ने आणि शंभर ३० ने गेलात तर मधला आकडा २० नाही, १५ आहे. दहा लिटर आणि सव्वातीन लिटर मिळवून बघा. एकूण किलोमीटर भागिले एकूण लिटर, एवढंच खरं. तुमच्या बाबतीत दोन्हीकडून १९ च येतात तो योगायोग.)

करायचं काय? बाजार आणि क्लास शाळेला जोडा. सकाळी मुलीला सोडून घरी न येता तसंच पुढे जाऊन कामं आटपली, तर संध्याकाळचं एक गार स्टार्ट वाचतं. दुपारी दहा मिनिटं उशिरा निघा. थांबावंच लागलं तर सावली शोधा, एसी २६ वर ठेवा, आतलीच हवा फिरवायचं बटण दाबा. निघण्यापूर्वी गाडी जागच्या जागी गरम करत बसू नका. चालवतानाच ती लवकर गरम होते आणि तेवढ्यात किलोमीटरही पडतात. टायरमधली हवा गाडी गार असताना, दाराच्या खांबावरच्या स्टिकरप्रमाणे भरा. लांबच्या प्रवासात ११० ऐवजी ८० ने गेलात तर हवेचा विरोध जवळपास निम्म्यावर येतो. हे यजमानांना वाचून दाखवायला हरकत नाही.

गाडीतच बिघाड असल्याचा संशय कधी घ्यायचा तेही सांगतो. साठ-सत्तर किलोमीटर सलग, बेताच्या वेगाने, हवा बरोबर असताना गेलात आणि तरीही लिटरला २० च्या खाली आलं, तर शोध घ्या. तुमचे २४ आलेत, त्यामुळे तूर्त गरज नाही. पण दोन गोष्टी अधूनमधून बघत जा. फेरी मारून आल्यावर चारही चाकांजवळ हात नेऊन पाहा. एखादं बाकीच्यांपेक्षा फार तापलेलं असेल तर ब्रेक घासतोय. आणि मागच्या सीटच्या बाजूला बॅटरीला हवा जाणारी जाळी असेल तर तिच्यावर दप्तर, चादर असं काही ठेवू नका. बॅटरी तापली की कॉम्प्युटर तिच्याकडून काम कमी करून घेतो आणि सगळा भार इंजिनावर येतो.

राहता राहिला घरातला वाद. पुढची एक टाकी शाळेची ने-आण यजमानांकडे द्या, उन्हातल्या वीस मिनिटांसकट. आणि पुढच्या लांबच्या प्रवासात स्टिअरिंग तुम्ही घ्या. दोन्ही पावत्या मला पाठवा, इथेच छापतो.

थोडक्यात

*माझी हायब्रिड घाटात उताराला न्यूट्रलमध्ये टाकली की मस्त तरंगत जाते. पेट्रोल वाचतं ना?*

नाही, उलट वाया जातं. न्यूट्रलमध्ये मोटर बॅटरी भरत नाही, म्हणजे फुकटची वीज तुम्ही दरीत टाकताय, आणि सगळा भार ब्रेकवर. गिअर नेहमीच्या डीमध्येच (ड्राइव्ह) ठेवून हलका ब्रेक धरा. उतार फार लांब असेल तर बॅटरी मध्येच भरून जाते आणि पुढची ऊर्जा ठेवायला जागा उरत नाही. तेव्हा गिअर बी वर (उतारासाठीची खूण) टाका, इंजिनाचा अडसर मिळतो आणि ब्रेक तापत नाहीत. गाडी थांबवता येणं हे अ‍ॅव्हरेजच्या आधी येतं.

*ईव्हीचं, म्हणजे नुसत्या बॅटरीवर चालवायचं बटण मी जमेल तेव्हा दाबून ठेवतो. तरी अ‍ॅव्हरेज घटलं. असं का?*

आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? त्या बॅटरीतली वीज बरीचशी पेट्रोलचीच. आधी पेट्रोल जाळून भरायची, मग वापरायची, दोन्ही वेळा थोडी गळती. कॉम्प्युटरला ते गणित तुमच्या-माझ्यापेक्षा चांगलं येतं, त्याला करू द्या. बटणाचा एक उपयोग मात्र खरा आहे. गाडी गॅरेजमधून दारात काढायची असेल, दहा-वीस मीटर, तर तेवढ्यासाठी इंजिन गरम करण्यात पेट्रोल जात नाही.

*प्लग-इन हायब्रिड घेतली. माहितीपत्रकातला आकडा डोळे दिपवणारा होता. प्रत्यक्षात साध्या गाडीएवढंच पेट्रोल लागतं. फसवणूक?*

पत्रात सगळं लिहिलंत, पण गाडी चार्ज किती वेळा करता ते लिहिलं नाहीत, आणि तेच मला हवं होतं. चाचणीत असं गृहीत धरलेलं असतं की मालक इमानेइतबारे प्लग लावतो. वर उल्लेख केलेल्या त्याच युरोपीय अहवालात, प्लग-इन गाड्यांचा रस्त्यावरचा कार्बन डायऑक्साइड (जेवढं इंधन जळतं तेवढा तो निघतो) कागदावरच्या सरासरी साडेतीन पट निघाला. मोठं कारण हेच की लोक ठरल्यापेक्षा फार कमी चार्ज करतात. चार्ज न केलेली प्लग-इन म्हणजे मोठी, जड बॅटरी पाठीवर घेऊन हिंडणारी पेट्रोल गाडी. केबल अजून पिशवीतच गुंडाळलेली असेल तर आधी ती बाहेर काढा, महिनाभर रोज रात्री लावा आणि मग लिहा.